मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि स्टेंट बसवलेली आई : एका नेत्ररुग्णालयाचा अनुभव

माझ्या 74 वर्षांच्या आईच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू गेल्या महिन्यात पुण्यातील एका खासगी नेत्ररुग्णालयात काढला. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असल्यामुळे आम्हाला धास्ती होती ती भुलेची, म्हणून येथे लिहितो आहे तेही मुख्यतः भूलतज्ज्ञांच्या तपासणीविषयीच.

फाइल उघडण्याआधी त्यांनी आईलाच विचारले : दोन जिने न थांबता चढता का, रात्री उशाला किती उशा लागतात, अर्धा तास उताणे पडून राहिल्यास धाप लागते का? तोंडावर कापड असताना जीव घाबरा होऊन रुग्ण एकाएकी उठू पाहिला, तर डोळ्याला इजा होण्याचा धोका असतो, हे कारणही त्यांनी समजावून सांगितले. रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन रक्तस्राव टाळण्यासाठी बंद करावी लागेल, अशी आमची समजूत होती. परंतु केवळ थेंबांनी डोळा बधिर करायचा असल्याने सुई टोचण्याचा प्रश्नच नव्हता, आणि गोळी थांबवल्यास स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती रक्तस्रावाच्या भीतीहून मोठी होती, म्हणून ती चालूच ठेवली. रक्तदाबाची गोळीही त्या दिवशी नेहमीप्रमाणे घ्यायला सांगितली. बाहुली मोठी करण्यासाठी त्यांनी फेनिलेफ्रिनचे 10 टक्क्यांचे नव्हे, तर 2.5 टक्क्यांचे थेंब वापरले, कारण तीव्र थेंबांनी रक्तदाब उसळू शकतो. डोळ्यावर ताण आल्यास क्वचित हृदयाचे ठोके मंदावतात, त्यामुळे ईसीजीचा मॉनिटर शेवटपर्यंत सुरू होता. झोपेचे औषध दिले नाही. आई पूर्ण वेळ डॉक्टरांशी बोलत होती.

काउंटरचा अनुभव मात्र निराळा. रक्ताच्या डझनभर तपासण्या आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) यांचे पॅकेज आमच्या गळ्यात घालून आगाऊ पैसेही घेतले गेले. हृदयरोगतज्ज्ञांचा तीन महिन्यांपूर्वीचा अहवाल पाहून आणि त्रास वाढलेला नाही याची खात्री करून भूलतज्ज्ञांनीच ते रद्द केले. सुमारे 19 हजार मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा जो अभ्यास 2000 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यातही अशा सरसकट तपासण्यांमुळे गुंतागुंत कमी झाल्याचे आढळले नव्हते. पैसे परत मिळायला आठ दिवस आणि तीन फोन लागले. संमतिपत्र केवळ इंग्रजीत होते, ही त्रुटीही खटकली.

डाव्या डोळ्यासाठी आम्ही तेथेच जाणार आहोत. फक्त या खेपेस आधी भूलतज्ज्ञांना भेटू आणि मगच काउंटरवर जाऊ.