पेपरमिंटच्या मऊ गोळ्या घरी करायच्या, तर कोणत्या?

अमेरिकेत लग्नाच्या किंवा बेबी शॉवरच्या टेबलावर फिक्या गुलाबी, हिरव्या, पिवळ्या रंगाच्या छोट्या मऊ गोळ्यांची वाटी बऱ्याचदा दिसते. तोंडात टाकली की चावावी लागत नाही, आपोआप विरघळते आणि मागे पेपरमिंटचा गारवा राहतो. ब्रिटनमध्ये याच कुळातली पेपरमिंट क्रीम नाताळच्या सुमाराला घरी मुलांकडून करून घेतात, कारण त्यात ओव्हन लागत नाही, गॅस लागत नाही, पाकाच्या तारा मोजाव्या लागत नाहीत. पिठीसाखर मळायची, आकार द्यायचा, वाळू द्यायचं.

साखरपुड्याला, डोहाळजेवणाला किंवा नाताळात द्यायला या गोळ्या करायचं मनात असेल, तर कृती पुष्कळ सापडतील. मुळात त्या चारच प्रकारांत बसतात: क्रीम चीजच्या (म्हणजे पावावर लावता येतं तसं मऊ, ताजं चीज), बटरच्या, अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या आणि कंडेन्स्ड मिल्कच्या. माझं मत आधीच सांगते. चव बघून निवडू नका, चवीला चारही छान आहेत. गोळी ताटात किती वेळ उघडी राहणार, त्या दिवशी हवा कशी असणार आणि खाणाऱ्यांत कोण कोण आहे, हे बघून निवडा.

प्रमाणं

क्रीम चीजच्या गोळ्यांना साधारण ११५ ग्रॅम क्रीम चीज आणि ४५० ग्रॅम आयसिंग शुगर, म्हणजे दुकानातली अगदी बारीक पिठीसाखर, लागते. रुपयाच्या नाण्याएवढी, सात-आठ ग्रॅमची गोळी केली तर सत्तरेक होतात. बटरच्या गोळ्यांना तेवढ्याच साखरेत ११५ ग्रॅम बटर, एखादा मोठा चमचा क्रीम आणि किंचित मीठ. अंड्याच्या प्रकारात एका अंड्याचा पांढरा भाग आणि साधारण ३५० ग्रॅम साखर, वर लिंबाच्या रसाचे थेंब. कंडेन्स्ड मिल्कच्या प्रकारात चार मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क आणि २२५ ग्रॅम साखर, त्यात चाळीसेक गोळ्या होतात. चारही ठिकाणी शेवटची पन्नासेक ग्रॅम साखर हातात राखून ठेवा. गोळा हाताला चिकटायचा थांबला की साखर थांबवायची, मग मापात लिहिलेली उरली तरी चालेल.

हवेचा प्रश्न

या कृती मुळात थंड आणि कोरड्या हवेतल्या घरांत रुळल्या. तिथे गोळ्या रात्रभर जाळीवर ठेवल्या की वर पातळ कोरडा पापुद्रा धरतो आणि आत मऊ राहतं. सगळी मजा त्या पापुद्र्यात आहे. साखर मात्र हवेतला ओलावा ओढते. जुलैत मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, तेव्हा उघड्यावर ठेवलेली गोळी वाळायच्या ऐवजी सकाळी जास्तच ओली झालेली दिसते. त्या दिवसांत एसीच्या खोलीत वाळवा, अर्ध्या वेळाने उलटा आणि पापुद्रा धरताच हवाबंद डब्यात टाका. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात, नाशकात किंवा नागपुरात ही अडचण जवळजवळ येत नाही.

उन्हाळ्यात सगळ्यात आधी हार मानते ती बटरची गोळी. बटर तिशीच्या पुढे ढिलं पडायला लागतं. मेमधल्या लग्नाच्या मांडवात ती गोळी आकार सोडते, कागदाला तेल लागतं. तिला हिवाळ्यातलं, घरातलं, पंचवीस-तीस माणसांचं कार्य मानवतं. तिथे मात्र तिच्यासारखी दुसरी नाही. जिभेवर आधी बटरची चव पसरते, मग हळूच पेपरमिंट येतं.

क्रीम चीजचं दुखणं वेगळं. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के दुधाचं फॅट आणि जास्तीत जास्त ५५ टक्के पाणी असतं. म्हणजे निम्म्याच्या आसपास पाणीच. नाशवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा तिथला अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण सल्ला आहे. एवढी साखर पडल्यावर क्रीम चीज तितक्या लवकर बिघडत नाही, हे खरं. तरी आपल्याकडच्या उकाड्यात, पाहुणे अकरापासून चारपर्यंत येत राहतात अशा कार्यात, मी ते ताटात मांडून ठेवणार नाही. फ्रीजमधून थोड्या थोड्या काढून फिरवायला घरात एखादं माणूस मोकळं असेल तरच करा. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी घरांना ही काळजी कमी. हॉल थंड असतो, क्रीम चीज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि पाहुण्यांना गोळी ओळखीची असते. त्यांनी बेलाशक क्रीम चीजच्याच कराव्यात.

कंडेन्स्ड मिल्क आधीच साखरेने टिकवलेलं असतं, त्यामुळे त्याची गोळी बाहेर सगळ्यात निर्धास्त राहते. हवाबंद डब्यात, ऊन न लागेल अशा जागी आठवडाभर ती छान टिकते. आपल्या हवेला आणि आपल्या कार्यांना, जिथे सकाळी केलेली तयारी संध्याकाळपर्यंत पुरवायची असते, माझ्या मते हीच धरावी.

क्रीम चीजऐवजी चक्का वापरला तर? माझं उत्तर नाही असंच आहे. चक्क्यात पाणी जास्त, फॅट कमी, आंबटपणा वेगळा. साखर मिसळली की तो पाणी सोडतो आणि गोळा श्रीखंडाकडे झुकतो. ती चव पेपरमिंटशी जुळत नाही. घरच्या लोण्याचंही तसंच. कितीही धुतलं तरी ताक आणि पाणी थोडं राहतंच. दुकानातल्या बटरमध्ये किमान ८० टक्के फॅट असतं, त्यावर हिशेब बसतो. मीठ असलेलं बटर घेतलंत तर वरून मीठ घालू नका.

साखर, म्हणजे गोळीतला निदान तीन चतुर्थांश भाग

गोळी मुलायम झाली की नाही, हे इथेच ठरतं. आयसिंग शुगर विकत आणली तर तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा कॉर्नफ्लोअर घातलेला असतो, तो इथे कामी येतो, ओलावा धरून ठेवतो. मिक्सरमध्ये घरी केलेली पिठीसाखर लाडवाला उत्तम, पण या गोळीत ती दाताखाली कचकच लागते, कारण इथे साखर शिजत नाही, विरघळत नाही, जशी पडली तशीच राहते. घरचीच वापरायची असेल तर वस्त्रगाळ करा, मलमलीतून. बोटाच्या चिमटीत चोळून बघा. टाल्कम पावडरसारखी लागली पाहिजे. चाळणीतून उतरली एवढ्यावर समाधान मानू नका.

मळतानाचा एक टप्पा सगळ्यांना घाबरवतो. क्रीम चीजमध्ये निम्मी साखर पडेपर्यंत मिश्रण घट्ट व्हायच्या ऐवजी आणखी सैल होतं, चमच्यावरून ओघळतं. चीजमधलं पाणी साखर ओढून घेते म्हणून तसं होतं. तिथे घाबरून सगळी साखर एकदम ओतली, तर मिश्रण पुढे कोरडं होऊन कडेला भेगा पडतात. अर्धी अर्धी वाटी घालत राहा. तीनशे ग्रॅमच्या पुढे गेलात की ते भांड्याच्या कडा सोडायला लागतं. मग ओट्यावर काढून हाताने मळा. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट, बोट दाबलं की खळगा राहील, एवढं झालं की थांबा. कंडेन्स्ड मिल्क हे नाटक करत नाही, पहिल्यापासून मुकाट्याने घट्ट होत जातं. मुलांना हाताशी घेऊन करायचं असेल तर त्याला पसंती द्यायचं हे आणखी एक कारण.

पेपरमिंट किती आणि कोणतं

दुकानात मिळणारा पेपरमिंट इसेन्स आणि खाण्याचं पेपरमिंट तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या ४५० ग्रॅम साखरेच्या मापाला इसेन्स पाव ते अर्धा छोटा चमचा लागतो, तेल मात्र तीन-चार थेंब पुरतं. बाटलीतून थेट भांड्यात टाकू नका, थेंब आधी चमच्यावर घ्या. जास्त झालं तर टूथपेस्टची आठवण येते आणि मग काहीही घालून ती झाकता येत नाही. शिवाय रात्रभरात वास गोळ्यात मुरतो, म्हणून मळताना थोडं कमीच वाटलं पाहिजे. अत्तरासारखं वास घेण्यासाठी विकलं जाणारं तेल खाण्यात नको. अमृतधारेत घालतात ते पेपरमिंटचं फूल म्हणजे जवळजवळ शुद्ध मेंथॉल, तेही नको.

कुंडीतला पुदिना वाटून घालायचा मोह होतो. त्याने काम होत नाही. आपला चटणीचा पुदिना वेगळ्या जातीचा. त्यात सुवास आहे, पण तोंड गार करणारं मेंथॉल नगण्य. वाटलेल्या पानांचं पाणी गोळा बिघडवतं आणि दुसऱ्या दिवशी हिरवा रंग काळपट पडतो. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे जो मेंथा (तेलासाठी लावतात तो पुदिना) पिकतो, त्याच्या तेलात मेंथॉल पेपरमिंटपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून त्याचा गारवा उग्र लागतो. मिठाईला पेपरमिंटचंच तेल घ्या. गारवा हा तसा भासच असतो. तोंडाचं तापमान उतरत नाही, थंडी ओळखणारे जिभेवरचे मज्जातंतू मेंथॉलमुळे जागे होतात, एवढंच.

खाणारं कोण आहे

अंड्याचा प्रकार इथेच मागे पडतो. पांढरा भाग कच्चाच राहतो. ब्रिटनमध्ये सिंहाचा शिक्का असलेली अंडी गरोदर बायकांनी, लहान मुलांनी आणि म्हाताऱ्यांनीही कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खायला हरकत नाही, असं तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये जाहीर केलं. तो भरवसा त्या शिक्क्याच्या अंड्यांपुरता आहे. आपल्या दुकानातल्या सुट्या अंड्यांना तो लागू धरता येत नाही. डोहाळजेवणात तर ज्या बाईसाठी कार्य आहे, तिलाच गोळी देता येणार नाही. आणि अंडं न खाणारी मंडळी आपल्या पंगतीत असतातच. त्या प्रकाराचा कुरकुरीत पापुद्रा आणि शुभ्र रंग हवाच असेल, तर बेकिंगच्या सामानाच्या दुकानात निर्जंतुक केलेली अंड्याच्या पांढऱ्या भागाची पावडर मिळते, ती पाण्यात भिजवून घ्या आणि ताटाजवळ तशी चिठ्ठी ठेवा.

बारशाला करणार असाल तर गोळ्या पाहुण्यांपुरत्याच ठेवा. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉलचा तीव्र वास नेऊ नये, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या घशात अशी गोळी अडकू शकते.

आकार

क्रीम चीजचा गोळा साच्यात सगळ्यात सुंदर उठतो. गुलाबाची पाकळी न् पाकळी दिसते. वांद्र्याच्या, वसईच्या घरांत नाताळात मिल्क क्रीम (दूध-साखरेची मिठाई) आणि मार्झिपानला (बदाम किंवा काजूची मिठाई) जे रबरी साचे वापरतात, तेच इथे चालतात. ते घरात असतील तर नवीन काही घ्यायला नको. साच्यात आधी दाणेदार साखर भुरभुरवा, मग गोळी दाबा आणि साचा मागून वाकवून सोडा. कंडेन्स्ड मिल्कची गोळी साच्यात थोडी चिकटते, तिला पेढ्याच्या छापाने दाब द्या किंवा काट्याने वर रेघा ओढा. बटरचा गोळा लांब वळी करून सुरीने उशीसारखे तुकडे पाडायचे, अमेरिकेत तोच आकार रूढ आहे. रंग जेलचाच घ्या, पातळ रंगाच्या चार थेंबांनी गोळा पुन्हा सैल होतो.

चॉकलेटमध्ये बुडवायच्या असतील तर

पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क गावात हेन्री केसलर यांनी १९४० मध्ये डार्क चॉकलेटच्या आवरणातली पेपरमिंट पॅटी, म्हणजे चपटी चकती, बाजारात आणली, आणि अमेरिकेत आज घरी पॅटी करणारे तिच्याकडे बघून करतात. घरी त्यासाठी कंडेन्स्ड मिल्कचा गोळा पातळ चकत्यांत लाटून, फ्रीजमध्ये कडक करून मग बुडवतात. बटरचा गोळा इथे नको, तो चॉकलेटच्या उबेने सुटतो. डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरं फॅट घातलेलं चॉकलेट) वापरलं तर टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला गरम-गार करायची, कटकट वाचते, खऱ्या चॉकलेटची चव मात्र मिळत नाही. दिवाळीच्या डब्यात द्यायला मला या चकत्या सगळ्यांत आवडतात, कारण आतल्या दुधाळ गोडाला वरच्या कडवटपणाने तोल येतो. काम मात्र दुप्पट, शंभराच्या वर करायच्या असतील तर दोघींनी बसावं.

किती आणि कधी

माणशी तीन धरा, मुलं जास्त असतील तर चार. कंडेन्स्ड मिल्कच्या गोळ्या कार्याच्या तीन दिवस आधी करा, म्हणजे वाळायला एक रात्र मिळते आणि वास मुरतो. क्रीम चीजच्या महिनाभर आधी करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. थरांमध्ये बटर पेपर घाला आणि आदल्या रात्री डबा न उघडता फ्रीजमध्ये उतरवा. गार डबा उघडला की गोळ्यांवर दव धरतं आणि साखर चिकट होते, म्हणून बाहेर काढल्यावरही अर्धा तास झाकण लावूनच ठेवा. बटरच्या दोन दिवस आधी पुरे. परतभेटीच्या पुड्या बांधताना प्रत्येक रंग वेगळा ठेवा आणि पुडीत वेलची किंवा केशराचं काही घालू नका, पेपरमिंटचा वास शेजारच्या प्रत्येक गोष्टीला लागतो.