एफेससच्या फाटकाबाहेर मिळालेला सिकंदर

तुर्कस्तानात एफेसस या प्राचीन ग्रीक शहराचे अवशेष बघायला जाणार असाल तर हे वाचून जा. माझे दोनशे युरो गेले. पण ज्या नाण्यावर माझा वर्षानुवर्षं जीव होता, तेच दाखवून मला फसवलं, हे जास्त लागलं.

अवशेष बघून बाहेर पडलो तर एक म्हातारा जवळ आला. "शेत नांगरताना सापडलं," म्हणाला आणि मूठ उघडली. मातीने माखलेलं नाणं मी लगेच ओळखलं. लायसिमाकसचं, चार द्राख्मांचं, म्हणजे जुनं ग्रीक चांदीचं नाणं! सिकंदराचा हा सरदार पुढे थ्रेसचा राजा झाला, एफेसस नव्या जागी त्यानेच वसवलं. पण नाण्यावर त्याने चेहरा घातला तो सिकंदराचा, आणि कानावरून वळलेलं मेंढ्याचं शिंग, कारण सिकंदर म्हणजे मेंढ्याची शिंगं असलेल्या झ्यूस-आमोन देवाचा पुत्र. मागच्या बाजूला बसलेली ग्रीक देवी अथीना, तिच्या तळहातावरची विजयदेवता राजाच्या नावावर माळ धरते. राज्य आपलं, चेहरा सिकंदराचा. इतक्या थोड्या जागेत वारसाहक्क असा मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्याच्याच गावात हे नाणं हाती आलं म्हटल्यावर मी जास्त घासाघीसही केली नाही.

पुण्यात सराफाच्या काट्यावर ते भरलं 14.1 ग्रॅम. खरं साधारण 17 ग्रॅमचं असतं. आकार बरोबर, वजन कमी, म्हणजे धातूच हलका. सराफाने कडेला कानस फिरवली, आत पिवळं दिसलं.

तरी मन मानेना. सहलीतल्या एका काकांनीही तिथे दुसऱ्या माणसाकडून असंच नाणं घेतलं होतं. दोन्ही शेजारी ठेवली. सिकंदराच्या हनुवटीखाली एक बारीक खोच, दोन्हींवर त्याच जागी, तेवढीच. खरी नाणी चांदीची चकती दोन ठशांमध्ये धरून हातोड्याने ठोकत. नंतर वापरात पडलेली खोच ज्याची त्याची वेगळी. इथे एकाच नाण्यावरून साचा काढून किती ओतली असतील कोण जाणे. भिंगातून शिंगाच्या वळ्या केसांत विरघळल्यासारख्या दिसत होत्या आणि कडेवर साच्याची शिवण चक्क नखाला लागत होती. तेवढं नख तिथेच फिरवलं असतं तर!

आणखी एक. जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू तिथे सरकारची असते, देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. म्हातारा खरं बोलत असता, तर मी विमानतळावर पकडलो गेलो असतो.