प्रायमरीच्या रात्री आकडे कुठे बघायचे: एपी, टीव्ही, राज्याचं संकेतस्थळ की काउंटीचं पान?

आपल्याकडे निकालाचा दिवस बघणाऱ्यासाठी सोपा असतो. सकाळी आठला टपाली मतांपासून मोजणी सुरू होते, मग फेरीमागून फेरी येते आणि निवडणूक आयोगाच्या एकाच संकेतस्थळावर आघाडी-पिछाडी दिसत राहते. अमेरिकेत असा मोजणी करणारा केंद्रीय आयोगच नाही. मतं काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, मोजते. मिशिगनसारख्या राज्यात तर शहरं आणि टाउनशिप मोजतात, काउंटी ती गोळा करते आणि राज्य काउंट्यांकडून घेतं. त्या रात्री देशभरातले आकडे एकत्र मांडण्याचं काम एपी (असोसिएटेड प्रेस) ही वृत्तसंस्था करते, सरकार नव्हे.

राज्यांच्या प्रायमरीला, म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कोण उतरणार हे ठरवणाऱ्या निवडणुकीला, हा फरक जास्तच जाणवतो. नोव्हेंबरात सगळं जग बघत असतं, जूनच्या किंवा ऑगस्टच्या मंगळवारी एखाद्या मतदारसंघाकडे मोजकेच लोक बघतात. माझा कौल आधीच सांगते: कोण जिंकलं यासाठी एपी, चुरस असेल तर सोबत काउंटीचं पान, आणि राज्याचं संकेतस्थळ दुसऱ्या दिवसापासून. टीव्ही नसला तरी काही अडत नाही.

एपी

असोसिएटेड प्रेस 1848 पासून अमेरिकन निवडणुकांचे आकडे गोळा करते आहे. काउंटीच्या कार्यालयात तिची माणसं बसलेली असतात, ती फोनवर आकडे कळवतात, आणि शिवाय संकेतस्थळांवरूनही आकडे उचलले जातात. एपी अंदाज म्हणून विजेता जाहीर करत नाही. मागे पडलेल्या उमेदवाराला पुढे येण्याची वाट उरली नाही असं पटलं, तरच नाव जाहीर करते. 2020 मध्ये आयोवाच्या डेमोक्रॅटिक कॉकसचा (प्रायमरीऐवजी पक्षाच्या सभांमधून होणाऱ्या निवडीचा) गोंधळ झाला तेव्हा एपीने विजेता जाहीर करायचं सरळ नाकारलं. न बोलण्याची ही तयारी मला सगळ्यात मोलाची वाटते.

एपीच्या पानावर एक आकडा मात्र जपून वाचायला हवा: किती टक्के मतं मोजून झाली. हा अंदाज असतो. एकूण मतदान किती झालं असेल हे गृहीत धरून तो काढतात, आणि प्रायमरीत मतदान किती होईल हे नोव्हेंबरपेक्षा कितीतरी अनिश्चित असतं. त्यामुळे 90 टक्के दिसलं म्हणून दहाच टक्के उरले असं समजू नका, टपाली मतं जास्त निघाली तर तो टक्का मागेही सरकतो. काही सरकारी पानं अजून 'किती केंद्रांचे आकडे आले' हे दाखवतात, ते तर आणखी फसवं. सगळ्या केंद्रांचे आकडे आलेले असतात आणि टपाली मतांचे गठ्ठे तसेच पडलेले असतात.

टीव्ही आणि बाकीचे

2024 मध्ये सीएनएन, एनबीसी, एबीसी, सीबीएस यांना आकडे पुरवत होती एडिसन रिसर्च ही सर्वेक्षण कंपनी. तिचीही माणसं काउंट्यांत असायची, त्यामुळे कधी टीव्हीचा आकडा एपीच्या पुढे असायचा, कधी मागे. दोन्ही खरे, वेळ वेगळी. पण प्रायमरीच्या रात्री वाहिन्या गव्हर्नर आणि सिनेटवर बोलतात. तुमच्या ओळखीचं माणूस राज्याच्या विधानसभेसाठी उभं असेल तर त्याचं नाव पडद्यावर दिसण्याची वाट बघू नका.

न्यूयॉर्क टाइम्सचं पान नकाशासाठी उत्तम. कुठल्या काउंटीत कोण पुढे हे एका नजरेत कळतं. विजेता जाहीर करताना ते बहुतेक वेळा एपीवरच विसंबतात. जिंकण्याची शक्यता दाखवणारी त्यांची ती प्रसिद्ध सुई मोजक्याच निवडणुकांना असते. डिसिजन डेस्क एचक्यू ही निकाल गोळा करणारी खाजगी कंपनी अनेकदा एपीच्या आधी विजेता जाहीर करते. दोन उमेदवारांत मोठं अंतर असेल तर तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, पण पाच-सहा जण रिंगणात असतील तर मी एपीसाठी थांबेन.

राज्य की काउंटी?

सरकारी आकडा म्हणजे अखेरचा आकडा, ही आपली सवय इथे सोडावी लागते. 2021 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या प्रायमरीत निवडणूक मंडळाने पसंतीक्रमाची प्राथमिक बेरीज प्रसिद्ध केली आणि त्यात सुमारे 1 लाख 35 हजार चाचणीच्या मतपत्रिका मिसळलेल्या निघाल्या. आकडे मागे घ्यावे लागले. मंडळावरचा विश्वास उडावा म्हणून हे सांगत नाही. रात्रीचा प्रत्येक आकडा, सरकारीसुद्धा, कच्चा असतो, एवढं ध्यानात राहावं.

कॅलिफोर्नियात राज्याच्या संकेतस्थळाचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी सुरू होतो. 'अजून किती मतपत्रिका हाताळायच्या बाकी' याचा काउंटीवार तक्ता तिथे येतो, आणि त्या राज्यात हाच तक्ता सगळ्यात महत्त्वाचा. 2024 च्या नियमानुसार मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात पडलेली मतपत्रिका सात दिवसांनी पोहोचली तरी धरली जात होती. त्या मार्चमधली अमेरिकी संसदेच्या सोळाव्या मतदारसंघाची प्रायमरी बघा. पालो आल्टो, माउंटन व्ह्यू हा भाग, कितीतरी मराठी घरं तिथे आहेत. तिथे पहिले दोघे पक्ष न बघता नोव्हेंबरला जातात. सॅम लिकार्डो पहिले आले. दुसऱ्या जागेसाठी मोजणी चालत राहिली आणि शेवटी इव्हान लो आणि जो सिमिटियन या दोघांनाही बरोबर 30,249 मतं निघाली. फेरमोजणीत लो पाच मतांनी पुढे आले. अशा लढतीत रात्री साडेदहाचा आकडा बघून झोपलेल्याला काहीच कळलेलं नसतं. उरलेली मतं सांता क्लारा काउंटीतली आहेत की सॅन मटेओतली, हे रोज बघणाऱ्याला कळत होतं.

वॉशिंग्टन राज्यातही तसंच. जवळपास सगळं मतदान टपालाने. मंगळवारी रात्री मोठा आकडा येतो, मग पुढच्या दिवसांत काउंट्या थोडे थोडे आकडे देत राहतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सार्वजनिक जमिनींच्या आयुक्तपदासाठी दुसरी जागा डेव्ह अपथेग्रोव्ह यांना अवघ्या 49 मतांनी मिळाली, तीही हाताने फेरमोजणी झाल्यावर. त्याच वर्षी वायव्य मुंबईत रवींद्र वायकर 48 मतांनी जिंकले होते. तिथे चुरस एका दिवसात संपली, इथे ती कित्येक आठवडे चालली.

मिशिगनचा तेरावा मतदारसंघ

मराठी वाचक सगळ्यात जास्त विचारतात ते श्री ठाणेदारांच्या मतदारसंघाबद्दल, म्हणून तो जरा जवळून. बेळगावात वाढलेले ठाणेदार 2018 मध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. ती राज्यभराची लढत होती, 83 काउंट्यांची. तिथे एपीला पर्याय नव्हता. 2022 ला ते काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी, उभे राहिले आणि हा मतदारसंघ अख्खा वेन काउंटीत बसतो. म्हणजे वेन काउंटीच्या क्लार्कचं (तिथल्या निवडणूक अधिकाऱ्याचं) एकच पान उघडलं की सगळा मतदारसंघ समोर. नऊ उमेदवार होते आणि मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते, ज्याची मतं जास्त तो विजयी. ठाणेदारांना साधारण 28 टक्के पुरले.

अशा लढतीत एकूण बेरजेपेक्षा कुठली मतं आली हे बघा. डेट्रॉइट शहराची टपाली मतं हंटिंग्टन प्लेस या सभागृहात एकत्र मोजली जातात, उपनगरांची त्यांच्या त्यांच्या ठिकाणी. उपनगरांचे आकडे आले आणि डेट्रॉइटचे अडकले असतील, तर आघाडी कितीही मोठी दिसो, अजून काही ठरलेलं नाही. एपीचा टक्का हा भेद सांगत नाही. शहरात बसलेले स्थानिक बातमीदार सांगतात, तेव्हा डेट्रॉइट फ्री प्रेस किंवा डेट्रॉइट न्यूजही उघडून ठेवा.

भारतातून बघणार असाल तर ऑगस्टमध्ये मिशिगनची मतदान केंद्रं आपल्या बुधवारी पहाटे साडेपाचला बंद होतात. राज्याच्या उत्तरेकडच्या चार काउंट्या मध्यवर्ती वेळेवर चालतात, त्या साडेसहाला. राज्यभराच्या लढतीत त्याआधी एपी विजेता जाहीर करत नाही. कॅलिफोर्नियाची जूनमधली प्रायमरी असेल तर सकाळी साडेआठ. तेव्हा पहिला आकडा येतो तो बहुतेक आधी पोहोचलेल्या टपाली मतांचा. डेमोक्रॅटिक बाजूला उशिरा येणारी मतं बऱ्याचदा तरुणांची असतात आणि डावीकडे झुकतात, म्हणून सकाळची आघाडी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी राहील असं धरू नका.

आणि कुणीच नाव जाहीर करत नसेल तर आधी त्या राज्याचा फेरमोजणीचा नियम बघा. पेनसिल्वेनियात राज्यभराच्या लढतीत अंतर अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर फेरमोजणी आपोआप होते. मे 2022 मध्ये सिनेटच्या रिपब्लिकन प्रायमरीत मेहमेत ओझ आणि डेव्हिड मॅककॉर्मिक यांच्यात हजारापेक्षा कमी मतांचं अंतर होतं, त्यामुळे एपी गप्प राहिली. 17 मेचं मतदान, आणि मॅककॉर्मिक यांनी हार मानली 3 जूनला. त्या अडीच आठवड्यांत खरी माहिती होती ती काउंट्यांच्या पानांवर.