आईला शहरात आणायचं की आपण गावी जायचं?

"तुला काय, तू एकटीच तर आहेस." लग्न न केलेल्या मुलीला हे कधी ना कधी ऐकावं लागतंच. वडील गेल्यावर आई कराडला एकटी पडली. मी पुण्यात नोकरीला, भाऊ त्याच्या संसारात. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितेय.

गावी गेलात तर आईचं काही विस्कटत नाही. शेजारच्या काकू हाक मारून जातात, औषधाच्या दुकानातला मुलगा गोळ्या घरी आणून देतो. माझ्या आईच्या हाताला अंधारातही दिव्याचं बटण सापडायचं. विस्कटतं ते आपलं. नोकरी सोडून मी दहा महिने राहिले. पगाराबरोबर पीएफ थांबला, कंपनीचा विमा गेला, आणि पंचेचाळिशीत पुन्हा मुलाखतीला गेले तेव्हा सगळ्यांनी आधी त्या दहा महिन्यांचंच विचारलं. आपल्या म्हातारपणी आपल्याला सांभाळायला लेक नाही, हे धरूनच हिशेब करा.

शहरात पगार चालू राहतो, मोठं हॉस्पिटल जवळ. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. पण दिवस कसा जाणार? पहिला महिनाभर आई चार वाजल्यापासून दाराजवळ खुर्ची टाकून माझी वाट बघत बसायची. दिवसाची बाई ठेवली, खालच्या मजल्यावरच्या आजींची ओळख झाली, तेव्हा ती खुर्ची हलली.

वृद्धाश्रमाबद्दल अनुभव नाही, म्हणून मत देत नाही.

माझा कौल शहराला, पण गावच्या घराला कायमचं कुलूप लावू नका. गणपतीत आणि मे महिन्यात आम्ही कराडला असतो. एसटीत 75 च्या पुढे तिकीट नाही आणि बायकांना अर्धं, त्यामुळे प्रवास परवडतो.

कुठेही राहा, भावाशी आधी बोला. 2007 च्या कायद्याने आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलावर आणि मुलीवर सारखीच टाकलीय. 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्कही मुलाइतकाच आहे. मला हे बोलायला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत माझी पाठ गेली. आता दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार भाऊ आईजवळ राहतो. पहिल्या खेपेला बीपीची गोळी कुठली, हे विचारायला त्याने तीनदा फोन केला. आता करत नाही.