घरी पंधरा-वीस माणसं जेवायला: पॉटलक की आदल्या दिवशी सगळं स्वतः?

सुट्टीत घरी माणसं जमवायची म्हटलं की खरे पर्याय दोनच, एकतर पॉटलक म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, नाहीतर आदल्या दिवशी आपणच सगळं उरकून ठेवायचं. (बाहेरून मागवणं आहेच, पण त्यात ठरवण्यासारखं काय, परवडत असेल तर मागवा आणि मोकळे व्हा.) मी दोन्ही करून बघितलंय.

पॉटलकमध्ये खर्च वाटला जातो, व्हरायटी येते, पाहुण्यांनाही रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटत नाही. तिघांनी गोडच आणलं वगैरे तक्रारी लोक करतात, पण ग्रुपवर आधी यादी टाकली की तो प्रश्न मिटतो, त्यावरून पॉटलकला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

माझं डोकं उठलं ते गॅसवरून. सगळे एकाच वेळी येतात, प्रत्येकाच्या हातात डबा आणि तोंडात एकच वाक्य, "हे फक्त जरा गरम करायचंय". चार बर्नर, एक मायक्रोवेव्ह आणि डब्यांची ही रांग. कुणाला मोठं पातेलं हवं, कुणाला डाव, कुणाचं खाली लागतंय आणि तो बाहेर गप्पा मारतोय, ढवळतोय कोण तर आपण. म्हणजे स्वयंपाक वाचावा म्हणून पॉटलक ठेवलं आणि ऐन वेळी आपण ओट्यापाशीच. शिवाय डोक्यात दुसरा हिशोब चालू असतो, शिजवलेलं अन्न बाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तासच, आणि इथे एखादा डबा प्रवासातच तासभर घालवून आलेला, वर मायक्रोवेव्हमध्ये कडेने उकळतो आणि मधे गारच राहतो. आता कुणाला तोंडावर कसं विचारणार, हे कधी केलंय म्हणून?

आदल्या दिवशी करण्यात कष्ट आहेत, खोटं कशाला बोलू. फ्रिज आधी रिकामा करावा लागतो, आणि मोठं पातेलं तसंच आत ढकलून चालत नाही, मधलं अन्न फार हळू गार होतं, म्हणून उथळ भांड्यांत दोनेक इंचाचा थर करून ठेवायचं. भात मात्र मी त्या दिवशीच लावतो. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात बराच वेळ बाहेर राहिला की जिवाणू वाढतात आणि त्यांनी केलेलं विष परत गरम करूनही जात नाही, मग कशाला ती भानगड.

पण दुसऱ्या दिवशी गॅस पूर्ण आपला! आधी काय चढवायचं, कुठल्या भांड्यात, सगळं आपल्याला माहीत, आणि रश्श्याचे पदार्थ मुरल्यावर जास्त चांगले लागतात असं निदान माझ्या जिभेचं मत आहे. बेल वाजते तेव्हा मी बाहेर बसलेला असतो.

माणसं सहा-सातच असतील, किंवा सगळे शेजारपाजारचेच असतील तर पॉटलकही छान जमतं, आणि स्वयंपाकाचा मुळातच कंटाळा असलेल्यांना मी आग्रह करणार नाही. "मी काय आणू?" विचारणाऱ्यांना मी हल्ली गरम न करावं लागणारं सांगतो, बर्फ, थंड पेयं, फळं, पेपर नॅपकिन. तरीही एक-दोघं डबा घेऊन येतातच, तो मग सगळ्यात शेवटी चढतो, बर्नर मोकळा झाला की.