दोन लाख किलोमीटरनंतर इंजिन बांधून घेतले: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची डिझेल हॅचबॅक 2012 सालची आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिने दोन लाख दहा हजार किलोमीटर ओलांडले, तेव्हा इंजिनाचे संपूर्ण काम करून घ्यावे की आहे त्या स्थितीत गाडी विकून टाकावी, हा प्रश्न उभा राहिला. चालू स्थितीत तिला जुन्या बाजारात फार तर पावणेदोन लाख रुपये आले असते आणि कामाचा अंदाज ऐंशी हजारांच्या पुढे सांगितला जात होता. आम्ही काम करून घेतले. त्यानंतरच्या दहा महिन्यांत कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर आंबा घाटातून गाडीची नियमित ये-जा झाली आहे, त्यामुळे आता अनुभव लिहिण्यास हरकत नाही.

मूळ तक्रार एकच होती. गाडी ऑइल पीत होती, आणि तेही हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर. या इंजिनात एकूण ऑइलच सुमारे तीन लिटर मावते, त्यामुळे वेळेवर भर घातली नाही तर पातळी झपाट्याने खाली जाते. टायमिंग चेन (व्हॉल्व्हची हालचाल पिस्टनशी जुळवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चालत असल्याने दुर्लक्षाची किंमत नुसत्या धुरापुरती मर्यादित राहत नाही. घाट चढताना मागे निळसर धूर दिसे, आणि चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण काढले की आतून वायूचे जोराचे फटकारे येत. मेकॅनिक मंडळी याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात.

मात्र निळा धूर दिसला म्हणजे रिंग-पिस्टन (पिस्टन आणि त्यांभोवतीच्या कड्या) गेलेच, असे धरून चालणे योग्य नाही. टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाचे) सील गळत असले तरी ऑइल इंटरकूलरच्या (ती हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपातून इंजिनात जाते आणि तसाच धूर येतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना क्षणभर धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सीलचा संशय आधी घ्यावा. ते काम त्या मानाने पुष्कळ स्वस्तात होते. म्हणून आम्ही प्रथम पाइप उघडून पाहिले आणि नंतर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घेतले. पाइपात ऑइलचा ओलावा साधारणच होता, पण दोन सिलिंडरांचा दाब इतर दोघांपेक्षा स्पष्टपणे कमी भरला. या दोन तपासण्यांना जो किरकोळ खर्च आला तो मला सर्वाधिक सत्कारणी लागलेला वाटतो, कारण इंजिन खोलले जात नाही तोपर्यंतच निर्णय मालकाच्या हातात असतो. एकदा ते खोलून टेबलावर मांडले की गाडी ना विकता येते ना चालवता येते, आणि पुढचा प्रत्येक आकडा मान्य करावा लागतो.

काम करून घेण्याच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे इंजिन. फियाटच्या आराखड्याचे हे 1248 सीसी इंजिन आपल्याकडे मारुती, टाटा, फियाट आणि शेव्हरोले अशा अनेक नावांच्या गाड्यांत बसत असे. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर ते नव्या गाड्यांतून गेले, तरी सुटे भाग आणि त्यांवर हात बसलेले कारागीर अजून सहज मिळतात. दुसरी गोष्ट बॉडीची. गाडी कोल्हापुरात बंद शेडमध्ये राहिली असल्याने खालचा पत्रा शाबूत होता. हीच गाडी वर्षानुवर्षे मालवण किंवा हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यात उभी असती, तर मी इंजिनावर एक रुपयाही घातला नसता.

जुन्या बाजारातले तयार इंजिन पन्नास हजारांत बसवून देण्याचा प्रस्तावही आला होता. त्या इंजिनाचा पूर्वेतिहास कोणी सांगू शकत नव्हते; शिवाय इंजिन क्रमांक बदलला की आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते, म्हणून तो विचार सोडला.

शिवाजी उद्यमनगरातील एका मशीन शॉपमध्ये ब्लॉक मोजला, तेव्हा 69.6 मिलिमीटरचा मूळ बोअर (सिलिंडरचे आतले गोल भोक) अंडाकृती झालेला आढळला. त्यामुळे नुसत्या रिंग बदलण्याचा पर्याय संपला. बोअर वाढवून ओव्हरसाइझ (मापाने मोठे) पिस्टन घातले, होनिंग (सिलिंडरच्या आतल्या भिंतींची घासाई) करून घेतले, हेडचे सरफेसिंग (वरच्या झाकणाचा पृष्ठभाग सपाट करणे) झाले, बेअरिंग, चेन आणि ऑइल पंप नवे बसले. इंजिन उतरलेलेच असल्याने क्लचही बदलला, कारण नंतर त्याच मजुरीचे पैसे पुन्हा मोजावे लागले असते. इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) तपासायला गेले आणि तिथे अंदाजपत्रक फुटले. एकूण बिल एक लाख बारा हजारांवर गेले. मूळ अंदाजात इंजेक्टर आणि क्लच धरलेले नव्हते. कोणाच्याही अंदाजात ते सहसा नसतात.

हिशेब मी गाडीच्या किमतीशी न करता नव्या गाडीच्या कर्जाच्या हप्त्याशी केला. सहा लाखांच्या कर्जाला नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी साधारण साडेबारा हजारांचा हप्ता बसतो, म्हणजे हे बिल नऊ हप्त्यांचे झाले.

पहिले हजार किलोमीटर वेग सतत बदलता ठेवून, इंजिनावर फार भार न टाकता गाडी चालवली आणि मग ऑइल बदलले. त्यानंतर दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून ऑइल घालावे लागलेले नाही. सरासरी लिटरला सोळा किलोमीटरवरून एकोणिसाच्या आसपास आली. डिसेंबरातल्या थंडीत गाडी पहिल्या सेल्फला चालू होत असे, आणि भरल्या गाडीनिशी आंबा घाटात मागे धूर दिसत नाही. दुसरीकडे, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून ऑइल पाझरू लागल्याने ते एकदा पुन्हा बसवावे लागले. इंजिनाचा जोर वाढल्यावर जुने माउंटिंग (इंजिनाचे रबरी आधार) किती थकले आहेत हेही कळले, कारण उभ्या गाडीत थरथर आधीपेक्षा जास्त जाणवते. सस्पेन्शनचे बुश आणि एसीचा कॉम्प्रेसर यांनी आपापले खर्च काढलेच. इंजिनाच्या बिलाने त्यांचे वय कमी होत नाही.

नोंदणीची पंधरा वर्षे 2027 मध्ये संपतील. फिटनेस तपासणीत गाडी पास झाल्यास नोंदणी पाच वर्षांनी वाढते. त्या वेळी नूतनीकरणाचे शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर भरावा लागेल, तो आम्ही आधीच धरला आहे.

विम्याची बाजू मात्र कोणी सांगत नाही. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे विमामूल्य (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) कंपनी आणि मालक परस्पर संमतीने ठरवतात, पण त्यात नव्याने बांधलेल्या इंजिनाची किंमत जवळजवळ धरली जात नाही. अपघातात दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत काढली जाते, आणि अशा वेळी इंजिनावरचा खर्च बुडतो. यंदाच्या नूतनीकरणात आम्ही सगळी बिले जोडून मूल्य वाढवण्याची विनंती केली, तेव्हा पंधरा हजार वाढवून मिळाले.