अजरख म्हणून घेतलेल्या ४० साड्या

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आमच्या सोसायटीत एकीकडे हळदीकुंकू होतं. माझ्याकडून साड्या घेतलेल्या दोघी जावा शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींच्या अंगावर काळी-लाल अजरख, म्हणजे कच्छमध्ये लाकडी ठशांनी हाताने छापतात ती नक्षी. धाकटीने वाण घ्यायला हात पुढे केला, खांद्यावरचा पदर मोठीच्या पदराला लागला, आणि मोठी म्हणाली, "अगं, तुझ्यापण फुलात तो थेंब आहे?"

फुलाच्या डावीकडच्या पाकळीत मोहरीएवढा लाल थेंब. दोघींच्या साडीत, त्याच फुलात, त्याच पाकळीत.

मी तिथेच होते. तिळाची वडी तोंडात होती, ती गिळायला मला बराच वेळ लागला. कारण हाच थेंब दाखवून मी दोघींना साडी विकली होती. "बघा, हाताचं काम आहे, मशीनला असा थेंब पडत नाही," हे माझे शब्द. आणि हे शब्द माझे नव्हतेच, मला ज्याने साड्या विकल्या त्याचे होते.

मी डोंबिवलीत घरातूनच साड्या विकते. सात वर्षं झाली. दुकान नाही, एक कपाट आणि फोनवरचा ग्रुप एवढंच. संक्रांतीला काळ्या साडीची मागणी किती असते ते वेगळं सांगायला नको. दरवर्षी मी काळी चंद्रकळा नाहीतर काळी इरकल आणते. या वेळी म्हटलं, काहीतरी वेगळं करू. नोव्हेंबरात पुण्याच्या एका प्रदर्शनात गेले होते, तिथे अजरखचा स्टॉल दिसला.

स्टॉलवर एक तिशीचा मुलगा, डोक्याला अजरखचाच रुमाल. समोर गादीवजा टेबल, त्यावर पांढरं कापड, बाजूला सागवानी ठसे आणि रंगाची ताटली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ठसा हातात द्यायचा. "मारा दीदी, मुठीने मारा." मीपण मारला. लालभडक फूल उमटलं. फूल उमटलेला तो कापडाचा तुकडा त्याने मला भेट दिला. एवढ्यावर मी विरघळले, खोटं कशाला सांगू. आजोबा-पणजोबांपासून कच्छमधल्या अजरखपूरचं काम आहे म्हणाला. मग साड्या काढल्या. मोडाल सिल्क, काळ्यावर लाल आणि निळं, अख्ख्या साडीवर एकच नक्षी, वेगळा पदर नाही. थेंब दाखवला, दोन ठशांच्या जोडावर केसभर सरकलेली रेघ दाखवली. "ही चूक नाही दीदी, ही हाताची सही आहे."

१,४५० रुपयांना एक. ४० घेतल्या. २०,००० तिथेच दिले, ३८,००० माल निघायच्या आधी. दहा दिवसांत पार्सल दारात.

दहा दिवसांत ४०. इथे मला थांबायला हवं होतं. हाताने छापलेल्या ४० साड्या दहा दिवसांत होत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी मी ते आठवलं नाही, इतकंच. पार्सलवरच्या चिठ्ठीत पाठवणाऱ्याचा पिनकोड ३९५ने सुरू होणारा होता. तो सुरतचा. कच्छचे पिनकोड ३७० ने सुरू होतात. चिठ्ठी मी कात्रीने कापून कचऱ्यात टाकली होती. नंतर ती फोनमध्ये सापडली, कारण पार्सल उघडताना ग्रुपसाठी व्हिडिओ काढला होता.

हळदीकुंकवाहून घरी आले आणि उरलेल्या १३ साड्या पलंगावर उलगडल्या. प्रत्येकीत थेंब होता. आणि एका साडीत एकच नव्हता. दुमडलेल्या घडीत, निऱ्यांच्या भागात, जिथे कुणी बघत नाही तिथेही होता. ब्लाउजचं माप घ्यायची टेप काढली. एका थेंबापासून पुढचा थेंब ६४ सेंटिमीटरवर. पुढचा पुन्हा ६४वर. साडेपाच मीटरच्या साडीत आठ वेळा तोच थेंब, आणि दर वेळी त्याच्यापासून चार बोटांवर तीच केसभर सरकलेली रेघ.

माझ्या फॉल-पिकोवाल्या दादांचा भाऊ भिवंडीला प्रोसेस हाउसमध्ये कामाला आहे. त्याला फोन लावला तर तो हसलाच. म्हणाला, ताई, गोल जाळीच्या नळकांड्याने छापतात, त्याचा घेर बहुतेक ठिकाणी ६४चाच असतो. नळकांडं एकदा फिरलं की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू. तासाला हजारो मीटर निघतं.

त्या मुलाला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "हाताचंच काम आहे दीदी, डाग तर येणारच." मी ६४चं गणित सांगितलं. त्यावर "ठेकेदाराला विचारून सांगतो," म्हणाला. त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

बिल होतं. म्हणजे एक गुलाबी कागद: "साडी ४०, ५८,०००." ना जीएसटी क्रमांक, ना 'हातछपाई', ना 'अजरख'. साडीला टॅग होता, त्यावर ठसा मारणाऱ्या एका म्हाताऱ्याचा फोटो आणि खाली 'हँडलूम' असा शब्द. आता बघा, हँडलूम म्हणजे हातमाग, म्हणजे कापड विणलं कसं ते. छापलं कसं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हातमागाच्या कापडावर मशीनने छापता येतं आणि गिरणीच्या कापडावर हाताने. आणि मोडाल सिल्क हे रेशीम नव्हेच. मोडाल लाकडाच्या लगद्यापासून करतात. एक धागा काढून जाळला तर जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला केस जळल्यासारखा येतो. मी पहिल्या दिवसापासून ग्रुपवर 'सिल्क अजरख' लिहीत होते. त्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, पण पहिला प्रश्न बिलाचा. ओळखीच्या वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं, जे माझ्यासारख्या घरून विकणाऱ्या बायकांना माहीत असायला हवं: पुन्हा विकायला घेतलेल्या मालाला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही; पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराला सवलत आहे, पण ती स्वतः वापरायला घेतलेल्या वस्तूंसाठी. "शिवाय तुम्ही घेतलं काय, हे कागदावर कुठे आहे?" या त्यांच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने साड्या विकल्या, मी साड्या घेतल्या. कागद तेवढंच म्हणतो.

फेब्रुवारीत नणंदेच्या घरचे कच्छचं रण बघायला निघाले होते. मी दोन साड्या पिशवीत घालून त्यांच्याबरोबर गेले. रण मी पाहिलंच नाही, भुजहून रिक्षा करून सरळ अजरखपूर गाठलं.

गाव जुनं नाही. मूळचं गाव धमडका. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं. या कामात पाणीच सगळं ठरवतं, लोह जास्त झालं की रंग मळकट होतो. म्हणून अजरख छापणाऱ्या खत्री कुटुंबांनी भुजच्या जवळ जमीन घेऊन नवं गाव वसवलं आणि नाव ठेवलं अजरखपूर. काही घरं धमडक्यातच राहिली.

एका कारखान्यात शिरले. सत्तरीचे एक चाचा ठसे मारणाऱ्या पोरांवर नजर ठेवून बसले होते. मी त्यांना काही न सांगता साडी पुढे केली. त्यांनी पुढची बाजू बघितलीच नाही, आधी उलटी केली. मागे निळा फिका, ठिपक्याठिपक्यांचा. "निळा रंग आम्ही छापत नाही, बेन. कापड निळीच्या हौदात बुडतं. बुडालेलं कापड एका बाजूने निळं कसं होईल?"

मग मला घेऊन फिरले. एरंडेल, सोडा आणि उंटाच्या शेणात भिजवलेलं कापड. हिरड्याच्या पाण्यातून काढून पिवळट झालेलं कापड. चुना आणि डिंकाच्या लेईने छापलेल्या रेघा, ज्या शेवटी पांढऱ्या राहतात. पांढरा रंग म्हणून काही छापत नाहीत, ते कापडाचं स्वतःचं पांढरं. काळ्यासाठी गंजकं लोखंड आणि गूळ पंधरा-वीस दिवस आंबवलेलं पिंप, त्यात चिंचोक्याचं पीठ. वास असा की मी पदर नाकाला लावला आणि पोरं हसली. लालसाठी तुरटी. आणि इथे मला ते पुण्याचं टेबल आठवलं. तुरटी छापताना लाल दिसतच नाही. मातकट, मरगळलेली नक्षी दिसते. लाल येतो नंतर, कापड रंगाच्या कढत हंड्यात उकळलं की. ज्या लालभडक फुलावर मी भाळले ते नुसत्या तयार रंगाचं होतं. तेच एक फूल मला खरं काय ते सांगत होतं, मी ऐकलं नाही.

चाचांनी लिंबू मागवलं. एका खऱ्या चिंधीच्या काळ्यावर दोन थेंब पिळले. बघता बघता काळा उतरला, कारण तो लोखंड आणि हिरड्याचा काळा. माझ्या साडीच्या काठावर पिळले तर काही झालं नाही. (हा प्रयोग चांगल्या साडीवर करू नका, डाग कायमचा राहतो.)

एवढ्यावरून ठसा म्हणजे नैसर्गिक रंगच, असं मात्र समजू नका. तिथेच शेजारच्या कारखान्यात रासायनिक रंगाने, पण हातानेच छापत होते आणि तसं सांगूनही विकत होते. किंमत कमी. याला मी फसवणूक म्हणणार नाही. निळीचं तर आणखी कठीण, कारखान्यातली नीळ आणि झाडाची नीळ रासायनिकदृष्ट्या एकच, डोळ्याने फरक कळत नाही. त्यामुळे मला आता विचारायचे प्रश्न दोन वाटतात, हाताने छापलंय का, आणि रंग कुठला. दोन्हींची उत्तरं बिलावर लिहून मागायची. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. 'कच्छ अजरख'ला २०२४ मध्ये जी.आय. (भौगोलिक मानांकन) मिळालाय, म्हणजे त्या नावाने माल विकणारा नोंदणीकृत आहे का, हेही विचारता येतं. पुण्यात मी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

तिथे मोडालची खरी साडी साडेपाच हजारांची होती. माझी १,४५०ची.

निघताना मी थेंबाची गोष्ट सांगितली. म्हटलं, बदमाश किती, चूकसुद्धा मुद्दाम छापली. चाचांनी चष्मा वर करून थेंबाकडे बराच वेळ बघितलं. म्हणाले, मुद्दाम नाही. कुणीतरी खरी एक साडी विकत घेतली, मशीनखाली ठेवली, फोटो काढला. थेंब त्यात आपोआप आला. "हा थेंब खरा आहे. आमच्याच कुणा पोराच्या हातून पडला असेल. त्याला एका साडीचे पैसे मिळाले."

घरी येऊन ग्रुपवर सगळं लिहिलं, टेप लावलेल्या साडीच्या फोटोसकट. २७ विकल्या होत्या, २,३५०ला एक. १९ परत आल्या, पैसे परत केले. आठ जणींनी ठेवून घेतल्या, त्यांना हजार-हजार दिले. दोघी जावांपैकी मोठीने परत केली, धाकटीने ठेवली. म्हणाली, "रंग मला शोभतो ना, मग झालं."

कपाटात ३२ आहेत. गेल्या आठवड्यात त्यांचे फोटो नव्याने टाकले. लिहिलं: मोडाल, मशीन प्रिंट, ६५०.

पहिला मेसेज पाच मिनिटांत आला. "वहिनी, अजरखच ना ही?"